फलाटावरचं देऊळ

किशी स्टेशनला फलाट एक आणि देवळं तीन. एक स्ट्रॉबेरीचं, एक खेळण्यांचं, एक मांजरीचं. पहिली दोन पाहून आत्या नुसत्या हसल्या. तिसऱ्यापाशी मात्र त्या थांबल्या, चष्मा पुसला, आत डोकावून पाहिलं आणि भाच्याला विचारलं, "या बाईसाहेब देव कधी झाल्या?"

"२०१५ साली. त्याआधी आठ वर्षं इथेच स्टेशनमास्तर होत्या."

"देव झालेला स्टेशनमास्तर मी आजवर पाहिला नव्हता," आत्या म्हणाल्या. "देव असल्यासारखे वागणारे पुष्कळ पाहिले."

आत्यांची उभी नोकरी रेल्वेच्या लेखा विभागात गेली. निवृत्त झाल्या तरी कुठलाही आकडा दिसला की त्याची बेरीज करून पाहण्याची खोड गेलेली नाही. भाचा ओसाकात नोकरीला आहे आणि घरी दोन मांजरं पाळतो, म्हणजे या प्रकरणात त्याला तटस्थ साक्षीदार म्हणता येणार नाही. सकाळी दोघं ओसाकाहून वाकायामाला आले, नवव्या फलाटावर जाऊन किशीगावा मार्गाची दोन डब्यांची गाडी पकडली आणि अर्ध्या तासात शेवटच्या स्टेशनावर उतरले. सबंध मार्ग १४.३ किलोमीटरचा. गाडीवर बाहेरून एकाच मांजरीची १०१ चित्रं रंगवलेली. स्टेशनच्या इमारतीला मांजरीचं तोंड. सायप्रसच्या सालींनी शाकारलेल्या छपराला दोन कान. हे सगळं मितोओका एइजी या नामवंत डिझायनरचं काम, इमारत २०१० सालची. त्याच वेळी फलाटावर ही तीन देवळं बसवली. हा भाग स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून एक देऊळ स्ट्रॉबेरीचं. खेळण्यांनी भरलेली एक गाडी याच मार्गावर धावायची, म्हणून दुसरं खेळण्यांचं. तिसरं तेव्हा नुसतं 'मांजर देऊळ' होतं. पाच वर्षांनी त्यात तामा राहायला आली.

तामाची गोष्ट भाच्याने गाडीतच सांगून टाकली होती. १९९९ साली जन्मलेली, पांढऱ्या-काळ्या-तांबूस रंगांची कबरी मांजरी. स्टेशनला लागून असलेल्या किराणा दुकानात वाढली. २००६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेमार्गाची मालकी बदलली, जमिनीची फेरव्यवस्था झाली आणि मांजरांची खोपटी जिथे होती ती जागा मोकळी करायची ठरली. दुकानाच्या मालकिणीने नव्या कंपनीचे अध्यक्ष कोजिमा मित्सुनोबु यांना गाठून विनंती केली की मांजरांना स्टेशनात राहू द्या. कोजिमांनी मांजरीला आसरा दिला आणि वर नोकरीही दिली. ५ जानेवारी २००७ रोजी तामा रीतसर स्टेशनमास्तर झाली. डोक्यावर टोपी, गळ्यात बिल्ला, पगार म्हणून वर्षभराचं खाणं. पुढे बढत्या मिळत गेल्या. २००८ साली प्रांताच्या गव्हर्नरांनी तिला सरदारकीसारखा एक गमतीशीर किताबही दिला. २२ जून २०१५ रोजी ती गेली. सहा दिवसांनी शिंतो पद्धतीने अंत्यविधी झाले, त्याला सुमारे ३००० माणसं आली, आणि 'तामा दायम्योजिन' या नावाने तिची इथे स्थापना झाली.

"म्हणजे मालक म्हणाला म्हणून स्टेशनमास्तर, आणि मालक म्हणाला म्हणून देव," आत्यांनी सारांश काढला. "याला आम्ही जाहिरात खातं म्हणायचो."

"आत्या, इथे बहुतेक देव कुणीतरी म्हणाला म्हणूनच झालेत," भाचा म्हणाला. "तोकुगावा इएयासु १६१६ साली मेला. पुढच्याच वर्षी दरबाराने त्याला दैवी पदवी दिली आणि निक्कोला त्याचं देऊळ झालं. आज तिथे रांगा लागतात. सरकारने केलेला देव तुला चालतो आणि रेल्वे कंपनीने केलेला चालत नाही?"

"मला तोही चालत नाही. राज्यकर्त्याला देव केला की त्याच्या नातवाला राज्य करणं सोपं जातं. हिशेब उघड आहे. तुझ्या मांजरीचा हिशेबही तितकाच उघड आहे. देव फलाटावर, बाजूला कॅफे, कॅफेत तिच्या तोंडाचे कप."

"बरं, मग मिचिझाने घे. सुगावारा नो मिचिझाने. विद्वान मंत्री, खोट्या आरोपावरून हद्दपार झाला आणि ९०३ साली तिकडेच मेला. नंतर राजधानीत मृत्यू झाले, संकटं आली, ९३० साली राजवाड्यावर वीज पडली. दरबार घाबरला. हा त्याचाच कोप समजून शेवटी त्याला देव केलं, क्योतोत कितानोला देऊळ झालं. आज जपानभर परीक्षेला बसणारी पोरं त्याच्याकडेच जातात. यात कुणाचा धंदा होता?"

आत्यांना हे उदाहरण आवडलं असावं, कारण त्या लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिथे भीती होती. भीती खरी असते. आपल्याकडे डहाणू-जव्हारच्या बाजूला वारली लोकांचा वाघोबा आहे. वाघ-बिबट्या रात्री खरोखर येतो, म्हणून त्याला शेंदूर लागतो. या कबरीला कोण घाबरत होतं? स्टेशनवरचे उंदीर?"

ही थट्टा होती, पण जपानात मांजराच्या देवळांची एक सबंध परंपरा नेमकी उंदरांवर उभी आहे. क्योतो प्रांताच्या उत्तरेला क्योतांगो नावाचं गाव आहे, रेशमी कापडाचं. तिथल्या कोतोहिरा देवळाच्या आवारात कोनोशिमा नावाचं एक छोटं देऊळ आहे. एरवी शिंतो देवळापुढे सिंहासारख्या कुत्र्यांची जोडी पहाऱ्याला असते. इथे दगडी मांजरांची आहे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली. रेशमाचे किडे उंदीर खातात, उंदीर मांजर खातं. ज्या गावाची चूल रेशमावर पेटते त्या गावाला मांजराचे उपकार मानणं ही भक्तीही होती आणि व्यवहारही. तोक्योजवळ ताचिकावा इथल्या आझुसामी देवळाच्या आवारातही रेशीमकिड्यांच्या देवाचं एक ठाणं आहे. रेशमाचा धंदा गेला. मग यामाशिता योसुके या जॅझ पियानोवादकाचं हरवलेलं मांजर तिथे प्रार्थना केल्यावर परत आलं, अशी गोष्ट पसरली आणि आता लोक तिथे पळालेली मांजरं परत मागायला येतात. ईशान्येकडच्या ताशिरोजिमा बेटावर कोळी लोक मांजरांच्या वागण्यावरून हवामानाचा आणि मासळीचा अंदाज बांधत. जाळ्याला दगड लावायचे म्हणून खडक फोडताना उडालेल्या तुकड्याने एक मांजर मेलं, त्याला पुरलं, त्या जागी देऊळ झालं, असं तिथे सांगतात.

भाच्याने ही सगळी यादी म्हणून दाखवली. तोक्योतल्या इमादो देवळाची गोष्टही सांगितली, तिथल्या म्हातारीची: गरिबीपायी पोसणं झेपेना म्हणून तिने मांजर देऊन टाकलं, ते स्वप्नात आलं आणि म्हणालं, माझ्यासारखी मातीची बाहुली करून विक. सेतागायातल्या गोतोकुजीचं नाव घेताच आत्यांनी त्याला अडवलं, कारण ते बौद्ध मंदिर आहे आणि विषय शिंतो देवळाचा चालला होता. लेखा विभागातली माणसं रकाने मिसळू देत नाहीत.

"तुझ्या यादीत एक गोष्ट तुला दिसली नाही," त्या म्हणाल्या. "रेशीमवाल्यांनी मांजर पूजलं, कारण मांजराने रेशीम वाचवलं. काम झालं, मग देव झाला. इथे तुझं म्हणणं काय, या मांजरीने रेल्वे वाचवली?"

"सगळं जपान तसं म्हणतं."

"मग आकडे सांग."

इथून पुढे संभाषण फलाटावरच्या बाकावर झालं.

आकडे असे आहेत. हा मार्ग नानकाइ या मोठ्या खासगी रेल्वे कंपनीचा होता. १९७० च्या दशकात वर्षाला ३६ लाखांच्या आसपास प्रवासी होते. मोटारी आल्या, प्रवासी घटत गेले. २००५ साली आकडा १९ लाखांवर आला होता आणि तोटा दरसाल ५० कोटी येनच्या घरात होता. मार्ग सोडायचा विचार नानकाइने २००३ मध्ये बोलून दाखवला, पुढच्या वर्षी बंद करण्याची रीतसर सूचना दिली. मग ओकायामाच्या र्‍योबी समूहाने 'वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वे' ही कंपनी काढून १ एप्रिल २००६ पासून तो चालवायला घेतला. पहिल्याच वर्षी प्रवासी २१ लाखांवर गेले. २०१५ च्या सुमाराला २३ लाख. कान्साई विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ मियामोतो कात्सुहिरो यांनी अंदाज मांडला होता की तामाच्या नेमणुकीच्या पहिल्या वर्षात परिसराला ११० कोटी येनचा लाभ झाला.

"थांब," आत्या म्हणाल्या. "यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ना? एप्रिल ते मार्च?"

"हो."

"नवी कंपनी एप्रिल २००६ ला आली. १९ चे २१ लाख त्याच वर्षात झाले. मांजरी नेमली जानेवारी २००७ मध्ये. म्हणजे वर्षातले नऊ महिने ती स्टेशनमास्तर नव्हतीच. सगळ्यात मोठी उडी तिच्या आधीची आहे. त्यानंतर आठ-नऊ वर्षांत मिळून दोन लाख. मग पहिल्या वर्षी कोण चढलं गाडीत?"

भाच्याने हा हिशेब असा कधी मांडला नव्हता. पण उत्तर त्याला माहीत होतं, आणि मान्य करायला त्याला जड गेलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

पहिल्या वर्षी गाडीत चढले ते इथले लोक. नानकाइची सूचना आल्यावर गावकऱ्यांनी 'किशीगावा मार्गाचं भविष्य घडवणारी मंडळी' अशा अर्थाची एक संघटना उभी केली. वर्गणी माणशी वर्षाला १००० येन, सभासद ६००० च्या वर. गाडीत बसा आणि गाडी टिकवा, ही त्यांची घोषणा. स्टेशनं झाडणं, फुलझाडं लावणं, नगरपालिकेत जाऊन बसणं, सगळं त्यांनी केलं. त्या रेट्यामुळे वाकायामा शहर आणि तेव्हाचं किशीगावा गाव यांनी तोट्यापोटी १० वर्षांत मिळून ८२ कोटी येनपर्यंत मदत द्यायची हमी घेतली. रुळांखालची जमीन सार्वजनिक मालकीची झाली, तिचा भार प्रांताने उचलला. एवढं पदरात पडल्यावर नवा चालक मिळाला. नव्या चालकाने खर्च कमी करायचा म्हणून स्टेशनांवरची माणसं काढली.

"काय केलं?"

"माणसं काढली. किशी स्टेशन २००६ पासून बिनमाणसांचं आहे."

"म्हणजे पगारी माणूस काढला आणि त्याच्या टोपीत मांजर बसवलं," आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण थट्टाही उरली नव्हती. "आणि ज्या सहा हजारांनी हजार-हजार येन काढले त्यांचं देऊळ कुठे आहे इथे? स्ट्रॉबेरीचं आहे. खेळण्यांचं आहे."

भाचा जरा वेळ गप्प राहिला. नंतर त्याने जे मांडलं ते या लेखकाला त्या दिवशीचं त्याचं सगळ्यात भक्कम बोलणं वाटतं.

"तू म्हणतेस ते खरं, पण अर्धं. गावकरी रोजचे. पासवर जाणारे. शाळेची पोरं, दवाखान्यात जाणारे म्हातारे. सवलतीच्या पासात रेल्वेला काय मिळतं ते तुला मी सांगायला नको. तामासाठी तैवानहून, हाँगकाँगहून माणूस यायला लागला. तो पूर्ण भाड्याचं तिकीट काढून पहिल्या स्टेशनापासून शेवटपर्यंत येतो आणि तसाच परत जातो. डोकी दोन लाखच वाढली असतील, पण ती महागडी डोकी आहेत. आणि दुसरं. ८२ कोटींची मदत १० वर्षांची होती. लोकांच्या करातून. ज्या मार्गाचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे तो मार्ग बंद करायची सही कुणी करत नाही. त्या सहा हजारांची नावं टीव्हीवर कुणी वाचली असती का? मांजरीचा फोटो सगळ्यांनी छापला."

"मग ती ढाल होती म्हण. देव कशाला म्हणतोस?"

"कारण इथे देव म्हणायला सर्वशक्तिमान असावं लागत नाही. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा नावाचा पंडित होऊन गेला. मात्सुसाकाचा. तो मुलूख तेव्हा इथल्याच, वाकायामाच्या सरदाराकडे होता आणि म्हातारपणी तो त्यांच्या पदरी राहिला. त्याने लिहून ठेवलंय की माणूस असो, पशुपक्षी असो, झाड असो, डोंगर असो, ज्याच्यात नेहमीपेक्षा वेगळं, आश्चर्य वाटावं असं काही असेल त्याला कामी, म्हणजे देव, म्हणायचं. चांगलंच असावं अशीही अट नाही. कुठलं मंडळ बसून यावर शिक्का मारत नाही. तोक्योत निहोनबाशीच्या मित्सुकोशी या दुकानाच्या गच्चीवर देऊळ आहे. कंपन्यांची आपापली देवळं असतात. तामामुळे पोटापाण्याचं एक काम टिकलं, निदान टिकायला मदत झाली. रेशीमवाल्यांच्या मांजराहून हे वेगळं कसं?"

"रेशीमवाल्यांनी मांजर आपण होऊन पूजलं. इथे कंपनीने आधी मांडलं, लोकांनी नंतर नमस्कार केला."

"नमस्कार तर खरा आहे ना?"

त्यांच्यासमोरच एक जोडपं येऊन गेलं. दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, परत एकदा वाकले. बाई हसत नव्हती. आत्यांनी ते पाहिलं, पण त्यावर काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या भलत्याच गोष्टीवर.

"आमच्या मूर्तिजापूरची शकुंतला," त्या म्हणाल्या. "यवतमाळ, अचलपूर. नॅरोगेज. इंग्रज गेले तरी मार्ग किलिक निक्सनचाच होता, ठाऊक आहे ना? लहानपणी आजोळी जायचे मी त्या गाडीने. ती बंद पडू नये म्हणून लोक किती झगडले. निवेदनं झाली, आंदोलनं झाली. गाडी थांबली ती थांबलीच. शकुंतलेला मांजर मिळालं नाही म्हणून, असं म्हणशील का तू?"

"नाही. ८२ कोटींची हमी मिळाली नाही म्हणून."

"हां," आत्या म्हणाल्या. "आता बोललास."

परतीच्या वाटेवर दोघंही इदाकिसोला उतरले, कारण आत्यांनी हट्ट धरला: कंपनीच्या आधीचा एक तरी देव मला दाखव. मुळात हा रेल्वेमार्गच देवांसाठी झाला. १९१६ साली सान्दो लाइट रेल्वे नावाने पहिला टप्पा सुरू झाला तो वाकायामाच्या तीन जुन्या देवळांच्या यात्रेकरूंसाठी. किशीपर्यंत रूळ पोचायला १९३३ उजाडलं. स्टेशनाजवळचं इताकिसो देऊळ हे त्या तिघांतलं एक. सुसानोओचा मुलगा इताकेरु इथला देव. त्याने झाडांची बियाणी आणून जपानभर पेरली आणि डोंगर हिरवे केले, असं पुराण सांगतं. लाकूड-धंद्यातले लोक अजून येतात. आवारात उंच झाडं आहेत, गर्दी नाही, कप विकायला नाहीत. आत्यांना जागा एकदम पसंत पडली.

"हा देव. याला कुणी नेमलेला नाही."

भाच्याला इथे गप्प बसवलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याने वाचन करून ठेवलं होतं. "नेमलेला नसेल. पण इ.स. ७०२ मध्ये दरबाराच्या हुकमाने याची इथल्या भावंडांपासून ताटातूट झाली. एकत्र असलेली तीन देवळं वेगवेगळ्या जागी हलवावीत, असा आदेश निघाला. सरकारी इतिहासात नोंद आहे. आणि मेइजी काळात सरकारने देवळांना श्रेणी लावल्या, तेव्हा यालाही श्रेणी मिळाली. पुढे ती वाढवून मिळाली."

"म्हणजे बदली झाली."

"झाली."

"आणि बढती."

"तीही झाली."

दोघं इदाकिसो स्टेशनवर परत आले. कंपनीचं मुख्य कार्यालय आणि गाड्यांचं आगार इथेच आहे. येताना घाईत आत्यांच्या लक्षात आलं नव्हतं, पण या स्टेशनालाही स्टेशनमास्तर मांजर नेमलेलं असतं. किशीची जागा रिकामी झाली की इथल्याने तिकडे जायचं, अशी रीत तामानंतरच्या नितामापासून पडली. आत्यांनी फलकावरची टोपी घातलेली मांजरी नीट निरखली.

"ज्येष्ठतेनुसार," त्या म्हणाल्या. "बदली, बढती, सेवाज्येष्ठता. सगळं खातं आहे यांच्याकडे. ऑडिट कोण करतं?"

"ऑडिट झालं होतं की, २००३ साली," भाचा म्हणाला. "नानकाइने केलं होतं. मार्ग बंद करा, असा शेरा होता."

"तो शेरा चूक होता असं मी अजून म्हटलेलं नाही," आत्या म्हणाल्या आणि गाडी आली तशी आधी चढल्या.